चौथ्या माणसाचा खडा

रविवार, ६ एप्रिल २०२५

गाडी आली! देवने नाशिकहून ती स्वतः चालवत आणली आणि मुलुंडच्या आमच्या गेटातून आत घेताना वरात आल्यासारखा हॉर्न वाजवत राहिला. या सोसायटीत येऊन आम्हाला जेमतेम दोन महिने झालेत, निम्म्या लोकांची नावंही मला अजून माहीत नाहीत. आज मात्र सगळे खाली उतरले. सेक्रेटरी शिवदासकाकांनी आधी विचारलं, ही अँब्युलन्स की आइस्क्रीमची गाडी? मग विचारलं, हे धूड इथे किती दिवस? देवने त्यांना आत नेऊन शेगडी, बेसिन, पडदे असं सगळं दाखवलं, तेव्हा नरम होऊन बाहेर आले. मेच्या पहिल्या रविवारी कोकणात निघतोय म्हटल्यावर तोपर्यंत पाहुण्यांच्या जागेत ठेवा म्हणाले, पण ऑइल गळलं तर फरशी तुम्हीच घासायची.

मूळची ही मिनीबस. नाशिकच्या एका निवृत्त जोडप्याने सीटा काढून तिचं घर करून घेतलं होतं. ते तिच्यातून राजस्थानपर्यंत फिरून आले. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून विकली. छताला गळतीचे डाग आहेत, फ्रिज बंद आहे, मागच्या दाराखाली गंज आहे. पण झोपायची सोय चौघांची आहे. मागे आडवा मोठा बिछाना, ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखी जागा आणि डावीकडे खिडकीला लागून एक अरुंद बिछाना. माळा अबोलीने ताबडतोब बळकावला. चौदा वर्षांची झाली तरी चढताना माकडासारखी चढते.

सासूबाई दुसऱ्या मजल्यावरून, गॅलरीत खुर्चीत बसून बघत होत्या. मी हात हलवला. त्यांनी वॉकर उचलून दाखवला आणि ओरडून विचारलं, "माझी खिडकी कुठली गं?"

मी हसले. उत्तर दिलं नाही, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

बुधवार, ९ एप्रिल

सुट्टी टाकून दिवसभर नितेशच्या गॅरेजमध्ये बसले. औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासण्यात वीस वर्षं गेली, त्यामुळे तपासण्यात मला खरंच आनंद मिळतो. नितेशने छतावर पाण्याचा पाइप सोडला आणि मी आत खडू घेऊन जिथे थेंब आला तिथे खुणा करत गेले. सांधे भरून घेतले. पाण्याची टाकी सोडा घालून घासली. गॅसची नळी बदलली, साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघितलं. टायर वरून चांगले दिसत होते, पण कडेच्या रबराला बारीक भेगा होत्या, तेही बदलायचे ठरले.

दुपारी चहा पिताना नितेशने विचारलं, घरात म्हातारं माणूस आहे का. आहे म्हटल्यावर तो लगेच कामाला लागला. म्हणाला, "मॅडम, आजींना एक पायरी टाकून देतो ना, दुमडायची. आणि इथे पकडायला दांडा. एका दुपारचं काम. आजी मस्त चढतील."

मी म्हणाले, त्याची गरज नाही.

त्याला वाटलं मी खर्चाचा विचार करतेय. मीही त्याला तसंच वाटू दिलं.

रविवार, १३ एप्रिल

घाटकोपरला हायवेजवळ एक वृद्ध सेवा केंद्र आहे, तिथे थोड्या दिवसांसाठीही ठेवून घेतात. देव आणि मी जाऊन बघून आलो. स्वच्छ आहे. नर्स रश्मी चटपटीत आहे, सगळ्यांना नावाने हाक मारते. हे मीच शोधलं होतं, सुचवलंही मीच.  देव म्हणाला, तुला योग्य वाटत असेल तर ठीक.

माझी कारणं खरी आहेत. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन वर्ष व्हायचंय. गाडीतला संडास अरुंद आहे. कोकणातले रस्ते, मे महिन्याचा उकाडा. यातलं एकही कारण खोटं नाही, आणि हीच अडचण आहे. खऱ्या कारणांच्या आड मला सुट्टी हवी होती. सकाळी त्यांना आंघोळ घालायची नाही, त्यांच्या हाकेवर कान ठेवायचा नाही, एवढीच सुट्टी.

संध्याकाळी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई. तुमच्या त्या डब्यात मला शिजायचं नाहीच." आणि सीरियल लावली. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवार, २० एप्रिल

आज त्यांना केंद्रात सोडलं. जागा आजपासूनच रिकामी होती, आणि आम्ही निघायच्या आधी त्या तिथे रुळतात का तेही कळेल, असं सगळ्यांचं मत पडलं. सगळे म्हणजे मीच.

रिक्षा यायच्या आधी त्यांना गाडी जवळून बघायची होती. व्हीलचेअर गाडीच्या दाराशी नेली. त्यांनी पत्र्यावर हात फिरवला आणि एकदम म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही तिघंच जाणार? तीन तिगाडा, काम बिघाडा. असं तिघांनी निघू नये गं. एक खडा घ्या बरोबर, चौथा म्हणून." देव हसला. म्हणाला, आई, आता हे नको. पण मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं, कुठलंही स्वस्तातलं चांगलं काम. कुंड्यांजवळून एक काळा, गुळगुळीत दगड उचलला, लिंबाएवढा. त्यांच्या हातात दिला.

त्या म्हणाल्या, याला चौथा कोण म्हणायचं ते ठरवून घे.

मी म्हटलं, "आई, चौथा दुसरा कोण? हा खडा म्हणजे तुम्हीच. तुम्हाला सोडून आम्ही जाऊ का?"

देवने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. सासूबाईंनी दगड मुठीत घट्ट धरला, अंगठ्याने चोळला. बराच वेळ धरून ठेवला. मग परत देताना म्हणाल्या, "मग मी आलेच समज."

डावीकडच्या अरुंद बिछान्यावर, उशीजवळ ठेवला. दगड गरम होता, त्यांच्या मुठीने झाला असेल.

बुधवार, २३ एप्रिल

पडदे धुऊन परत लावले. चादरी घातल्या. डावीकडच्या चादरीला मधोमध खळगा पडला होता. अबोली लोळली असेल म्हणून तिला रागावले. ती म्हणाली, "आई, मी तिथे बसलेपण नाहीये यार." मी चादर ताणून परत घातली. बादली भरून गाडीत परत आले तर खळगा पुन्हा होता, आणि चादरीची कड गादीखाली दुमडून घेतलेली होती. सासूबाई झोपताना दुमडतात तशी.

त्यांच्या वेदनाशामक मलमाचा वासही येतोय. पण तो माझ्या हातालाही असू शकतो. वर्षभर तेच मलम चोळतेय.

शुक्रवार, २५ एप्रिल

नितेश टायर घालून द्यायला आला होता. त्याने गाडीकडे लांबून बघितलं आणि विचारलं, डावीकडे काय सामान भरलंय? गाडी डावीकडे बसलीय. त्या बाजूला अजून काहीच भरलेलं नाही. त्याने आत टेबलावर पाणसळ ठेवली, बुडबुडा उजवीकडे सरकला. स्प्रिंगचा पाटा थकला असेल म्हणाला. खाली वाकून तपासला. पाटा नवाच होता.

नाशिकच्या काकूंना फोन केला. काही सांगायचं राहिलंय का, गाडीत कधी काही घडलं का, असं आडून विचारलं. त्या हसल्या. त्यांच्या नातवाचं बारसं झालं होतं त्या गाडीत, बाकी काही नाही.

म्हणजे गाडीत काही नव्हतं. जे आलंय ते आमच्याकडून आलंय.

दुपारी केंद्रातून रश्मीचा फोन आला. पहिला नंबर माझाच दिलाय. चंपाआजी जेवतात सगळं, पण वजन उतरतंय. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. घरी त्या एवढ्या बोलायच्या, आता भिंतीकडे बघत बसतात. डॉक्टर म्हणतात, नवी जागा आहे, शिवाय उकाडा.

देवला अर्धंच सांगितलं. वजनाचं सांगितलं नाही. का?

रविवार, २७ एप्रिल

हे स्वतःशी स्पष्ट लिहायला हवं.

आज त्यांना भेटायला जायचं होतं. देव आणि अबोली गेले. मी म्हणाले गाडीतला फ्रिज तपासायचाय. फ्रिज कालच तपासून झाला होता.

मी डावीकडच्या बिछान्यासमोर खाली बसले. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती, भीतीदायक असं काहीच नव्हतं. खळगा होता. मलमाचा वास होता. दगडाला हात लावला तर अंगाइतका गरम. मी म्हटलं, आई, बरं वाटतंय ना? आणि मला उत्तर ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. पण बरं वाटतंय हे मला कळलं. त्या मजेत होत्या. खिडकीचा पडदा, त्यांना आवडतो तसा, अर्धाच सरकवलेला होता. मी सरकवला नव्हता.

मी घाबरायला हवं होतं. मला हायसं वाटलं. त्या येताहेत आमच्याबरोबर. त्यांना न्हाऊ घालावं लागणार नाही, उठवावं लागणार नाही, हाक मारत नाहीत, दुखत नाही. अशा सासूबाई मला चालतील, असं माझ्या मनात आलं. शब्दांत आलं.

देव परत आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. आई त्याच्याशी बोललीच नाही.

बुधवार, ३० एप्रिल

सकाळी गाडी वजनकाट्यावर नेली. नितेशने आग्रह केला होता, प्रवासाआधी बघून घ्या. सामान अजून चढवलेलं नाही, टाकी रिकामी, आम्ही सगळे उतरून बाजूला उभे. काट्यावरच्या माणसाने विचारलं, आत कोणी राहिलंय का? उतरायला सांगा. देव आत जाऊन बघून आला. कोणी नाही म्हणाला. कागदपत्रांतल्या वजनापेक्षा एका माणसाचं वजन जास्त भरलं. बारीक माणसाचं. देव म्हणाला, जुन्या गाडीत लाकूडकाम वाढवलेलं असतं. तो हिशोबाला पक्का आहे, पण त्याला हा हिशोब करायचा नाही.

तिथूनच मी एकटी केंद्रात गेले.

त्या खुर्चीत होत्या. एवढ्याशा. रश्मी ताट घेऊन समोर बसली होती, भात कालवून घास पुढे धरत होती. मला बघून म्हणाली, ताई, तुम्हीच समजवा, कालपासून तोंड उघडत नाहीत. मी म्हटलं, आई, जेवा ना.

त्यांनी माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. आणि अगदी समजूतदारपणे म्हणाल्या, "मला कशाला वाढता? मी गेलेय ना गावाला. सूनबाईंबरोबर. कालच गाडीत बसले."

त्यांचा हात हातात घेतला. गार, दगडासारखा.

गुरुवार, १ मे

देवला सगळं सांगितलं. दगड, मी बोललेलं वाक्य, खळगा, वजन. सगळं म्हणजे रविवारी मला हायसं वाटलं ते सोडून.

तो रागावला नाही. ते अधिक वाईट. म्हणाला, तुझं मन तुला खातंय मृणाल, आईला तिथे ठेवलं म्हणून. मग म्हणाला, चल, तो दगड टाकूनच देऊ. मी ओरडले. टाकायचा नाही. परत द्यायचाय. मी त्यांना ज्या शब्दांनी काढून आणलं तेच शब्द मागे घ्यायचेत, त्यांच्या हातात दगड ठेवून म्हणायचंय की आई, हा खडा तुम्ही नाही.

मग आत्ताच जाऊन दे, म्हणाला.

दगड उचलायला गेले. उचलला जाईना. दोन्ही हातांनी धरला. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली असतो तेव्हा जसं वजन येतं, तसं ते वजन होतं. तसं उचलायचं काम मी नेहमी देवकडे ढकलत आले.

अबोली आली, खडा दोन बोटांत धरून वर उडवला, झेलला, जागेवर ठेवला. "आई, काय झालंय तुला?"

तिला म्हणता आलं असतं, तूच घेऊन चल. म्हटलं नाही. ऊन फार होतं. उद्या जाऊ म्हटलं.

शुक्रवार, २ मे

गेले नाही. ऑफिसात काम निघालं. खरंच निघालं. पण

रश्मीचे दोन फोन. घास गिळत नाहीत. सलाइन लावलंय. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं नाही, पण येऊन जा.

येते म्हटलं.

संध्याकाळी सामान चढवलं. डावीकडच्या बिछान्यावर कोणीच काही ठेवलं नाही. देवनेही नाही. पिशवी घेऊन तिथपर्यंत गेला, थबकला, आणि पिशवी खाली ठेवली. त्याला का ते विचारलं नाही.

शनिवार, ३ मे

आज त्या बोलल्या. कानाने ऐकलं.

दुपारी आत ओटा पुसत होते. मागून, रोजच्या आवाजात — नको गं मला परत नेऊस.

वळले नाही. पुसत राहिले. म्हटलं, आई, तिथे तुमचं काही खरं नाही. तुम्ही तिकडे — तिकडे संपत चालल्यात.

संपू दे. तिथे सगळं दुखतं. इथे वारा येतो.

हे त्या बोलल्या, की मला सोयीचं तेच मी ऐकतेय? कसं तपासू? रोज तपासते मी, हे कशाने तपासू? त्यांनाच यायचं असेल तर नेणं हा गुन्हा नाही. पण त्यांना यायचं होतं तेव्हा एक पायरी हवी होती फक्त. एक दांडा.

देवशी बोलले. उद्या वाटेत केंद्रात थांबू का. तो म्हणाला, तू म्हणशील तर थांबू. ऐरोलीच्या पुलाकडे वळण्याआधी सांग फक्त — तिथून सरळ घाटकोपर. दगड अबोली घेईल. आईच्या हातात दे आणि मोकळी हो.

सांगेन. वळण्याआधी सांगेन.

रविवार, ४ मे. सकाळ

निघालो. शिवदासकाकांनी नारळ वाढवला. गाडी डावीकडे कललेली — त्यांना दिसली.

मी मागे बसलेय, त्यांच्या समोर. अक्षर हलतंय.

खळगा आता खळगा नाही. चादरीखाली गुडघे आहेत. अबोली माळ्यावरून वाकून बघते आणि हसते — माझ्याकडे बघून नाही.

हायवे. फोन वाजतोय. रश्मी. देव चालवतोय, त्याला ऐकू येत नाही, मी आवाज बंद केलाय. कधी बंद केला —

पुन्हा फोन.

त्या म्हणतायत, नको घेऊस. खिडकी उघड, उकडतंय.

उघडली.

सिग्नल. समोर सरळ घाटकोपर. डावीकडे पूल. देवने आरशात बघितलं. "मृणाल? काय करू?"

मी त्याच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. लाल होता, वेळ होता, भरपूर — मागच्याने हॉर्न दिला — हिरवा —

काही बोलले नाही. फक्त बोलले नाही. नाही म्हटलं नाही मी.

वळला.

पूल. खाली खाडी, तिवरं, लांबवर गुलाबी पक्षी. त्या बघतायत. किती छान गं, म्हणतायत. माझ्या हातावर हात — ऊबदार, मऊ — त्यांचा हात असा कधी नव्हता —

फोन थांबला.

परत लागेल. लागला की घेईन. पूल उतरला की यू-टर्न आहे, अजून फिरता येईल, दहा मिनिटं, फार तर पंधरा, मी आता देवला सांगते. सांगतेच. एवढं लिहून झालं की. हे वाक्य संपलं की लगेच सांगते, फक्त हे एक वाक्य, आणि हे नीट लिहायला हवं, खोटं काही राहता कामा नये, म्हणून थोडा वेळ, आई, सरकता का जरा, मला लिहायला जागा